रेणूंचे उजवे आणि डावे हात

उजव्या पायाचे पायताण डाव्या पायात घालून कोणी चार पावले चालून पाहावे. दोन्ही पायताणे एकाच कातड्याची, एकाच मापाची आणि एकाच कारागिराने शिवलेली. तराजूत घातली तर वजनातही फरक निघणार नाही. तरी एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. उजवे पायताण आरशापुढे धरले म्हणजे आरशात डावे दिसते. पण आरशातले ते डावे कितीही फिरवले, उलटे केले, तरी प्रत्यक्षातल्या उजव्याशी तंतोतंत जुळत नाही. आपल्या दोन हातांचेही असेच आहे.

सृष्टीतील असंख्य पदार्थांचे रेणूही असेच उजवे व डावे असतात. दोहोंत अणू तेच, त्यांची संख्या तीच, कोणता अणू कोणाला जोडलेला आहे हा क्रमही तोच. भेद केवळ उजव्या-डाव्याचा. ह्या गुणाला १८९३ मध्ये लॉर्ड केल्विन ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 'कायरॅलिटी' असे नाव दिले. 'हात' ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते बनले आहे. आपण ह्या लेखापुरते त्यास 'हस्तता' म्हणू.

ह्या लेखात आम्हांला सांगावयाचे आहे ते एवढेच की, वनस्पतींच्या रेणूंची ही हस्तता डोळ्यांना दिसत नसली, तरी ते रेणू एकमेकांशेजारी कसे उभे राहतात हे तीच बहुतांशी ठरविते. आणि ते कसे उभे राहिले यावर पुढे पुष्कळ काही अवलंबून असते. चिंचेचे अम्ल, भाताची पेज, अंगावरचे सुती वस्त्र, चाकाचे वंगण, रानातल्या फळाचा रंग, ह्या सर्वांचा ह्याच गोष्टीशी संबंध आहे.

हस्तांदोलन आणि जोडलेले हात

रेणूंना कोणी मुकादम नसतो. भिंत बांधताना गवंडी एकेक चिरा उचलून बसवितो. रेणू मात्र द्रवात हिंडता हिंडता आपणच एकमेकांजवळ येतात, जेथे नीट बसते तेथे स्थिरावतात, आणि त्यांतूनच स्फटिक, तंतू वा पापुद्रे तयार होतात. शास्त्रज्ञ ह्याला स्वयंरचना म्हणतात.

आता हातांकडे पाहा. दोन माणसे भेटली म्हणजे एकाचा उजवा हात दुसऱ्याच्या उजव्या हातात बसतो. हे झाले हस्तांदोलन. त्यात एकाने उजवा व दुसऱ्याने डावा हात पुढे केला, तर ती पकड जमत नाही. उलट, प्रार्थनेसाठी आपण हात जोडतो तेव्हा उजवा तळवा डाव्या तळव्यावर अगदी नेमका बसतो. म्हणजे हातांच्या जुळण्याच्या दोन तऱ्हा झाल्या: एक सारख्या हातांची, दुसरी विरुद्ध हातांची.

रेणूंच्याही ह्याच दोन तऱ्हा आहेत. उजवे व डावे रेणू सम प्रमाणात मिसळून ठेवले, तर काही पदार्थांत उजवे उजव्यांशी व डावे डाव्यांशी जमून दोन वेगवेगळ्या जातींचे स्फटिक होतात. पुष्कळशा पदार्थांत मात्र उजव्याला डाव्याचीच सोबत अधिक सोयीची पडते, आणि दोहोंची जोडी मिळून तिसऱ्याच प्रकारचा स्फटिक निर्माण होतो.

पाश्चरचा चिमटा

हे रहस्य प्रथम उकलले ते द्राक्षाच्या अम्लामुळे. द्राक्षारसाच्या पिपांच्या आतल्या बाजूस एक कठीण खवला जमतो. त्यापासून १७६९ मध्ये शेले ह्या रसायनशास्त्रज्ञाने टार्टारिक अम्ल वेगळे काढले. आमच्या वाचकांना हे अम्ल परके नाही. चिंचेचा आंबटपणा मुख्यत्वे त्याचाच असतो.

पुढे १८१५ च्या सुमारास झाँ-बातीस्त बिओ ह्या फ्रेंच पंडिताला एक चमत्कारिक गोष्ट आढळली. एकाच पातळीत कंप पावणारा प्रकाश टर्पेंटाइनमधून किंवा साखरेच्या पाण्यातून जाऊ दिला, तर ती पातळी उजवीकडे किंवा डावीकडे वळते. टार्टारिक अम्लाचे पाणी ती उजवीकडे वळविते. परंतु १८२० च्या सुमारास फ्रान्समधील थान गावच्या कारखान्यात द्राक्षारसाच्या त्याच खवल्यापासून एक निराळे अम्ल निघाले. त्याला द्राक्षांच्या घडावरून 'रॅसेमिक' अम्ल म्हणू लागले. त्याचे घटक हुबेहूब टार्टारिक अम्लाचे. पण प्रकाशाला ते जराही वळवीत नसे. जर्मन शास्त्रज्ञ मित्शेरलिख याने १८४४ मध्ये असे जाहीर केले की, ह्या दोन्ही अम्लांच्या एका विशिष्ट क्षाराचे स्फटिक सर्व बाबतींत सारखे आहेत. मग एकाने प्रकाश वळवावा आणि दुसऱ्याने वळवू नये, हे कसे?

हा प्रश्न लुई पाश्चर ह्या तरुणाच्या मनात घर करून बसला. तो कातडी कमावणाऱ्याचा मुलगा. १८४८ मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये संशोधन करीत होता आणि वयाने अवघा पंचवीस वर्षांचा होता. रॅसेमिक अम्लाच्या सोडियम-अमोनियम क्षाराचे स्फटिक त्याने भिंगाखाली बारकाईने पाहिले. काही स्फटिकांची लहानशी तिरपी बाजू उजवीकडे होती, काहींची डावीकडे. जणू एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे. तांदूळ निवडावेत त्याप्रमाणे त्याने चिमट्याने एकेक स्फटिक निवडून दोन ढीग केले आणि ते वेगवेगळे पाण्यात विरघळविले. एका पाण्याने प्रकाश उजवीकडे वळविला, दुसऱ्याने तितकाच डावीकडे. दोन्ही सम प्रमाणात मिसळताच प्रकाश सरळ जाऊ लागला. रॅसेमिक अम्ल म्हणजे उजव्या व डाव्या रेणूंची समसमान बेरीज होती.

ही वार्ता वृद्ध बिओच्या कानी गेली. त्याचा विश्वास बसेना. त्याने पाश्चरला बोलावून घेतले, स्वतःजवळचे अम्ल त्याच्या हाती दिले आणि आपल्या डोळ्यांदेखत मिश्रण तयार करावयास लावले. स्फटिक तयार झाल्यावर पाश्चरने ते निवडून दिले. मात्र त्यांचे पाणी बिओने स्वतः केले आणि यंत्रात प्रथम डाव्या स्फटिकांचेच पाणी तपासले, कारण नवे ते तेच होते. प्रकाश डावीकडे वळलेला पाहताच त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या पंडिताने सद्गदित होऊन तरुणाचा हात धरला.

ह्या कथेत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तो क्षार उजव्या व डाव्या स्फटिकांत विभागला जातो तो सुमारे २७ अंश सेल्सिअसच्या खाली. त्याहून अधिक उष्णतेत उजव्या-डाव्यांची जोडी जमते आणि एकाच जातीचे स्फटिक पडतात. पॅरिसची थंड हवा पाश्चरच्या पथ्यावर पडली. हाच प्रयोग त्याने गोव्यात किंवा बेळगावात वैशाखाच्या दुपारी मांडला असता, तर निवडण्यासारखे दोन ढीग त्याला मिळालेच नसते. उष्णतेतील थोड्याशा फरकानेही हस्तांदोलन मोडून हात जोडले जातात, इतका हा तोल नाजूक आहे.

रेणूला हात येतो कोठून, हे १८७४ मध्ये वान्ट हॉफ व ल बेल ह्या दोघा तरुणांनी स्वतंत्रपणे सांगितले. कार्बनच्या अणूला चार बाजूंस चार जोड असतात. ते कागदावर काढतो तसे सपाट नसून तीन पायांच्या तिवईवर एक दांडा उभा करावा तसे चहूकडे पसरलेले असतात. त्या चार जागी चार भिन्न मंडळी बसली की बसण्याच्या तऱ्हा दोन होतात, आणि त्या परस्परांची प्रतिबिंबे असतात. प्रत्यक्षात कोणता रेणू कोणत्या हाताचा, हे मात्र १९५१ मध्ये हॉलंडातील बायव्हूट व त्याच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने निश्चित केले. आणि त्यासाठीही टार्टारिक अम्लाचाच एक क्षार वापरला गेला.

मिश्रणाने काय बिघडते?

वनस्पती सहसा एकेका पदार्थाचा एकच हात बनवितात. चिंच व द्राक्षे टार्टारिक अम्लाचा उजवा रेणू बनवितात. कधी एकच पदार्थ एका झाडात डावा आणि दुसऱ्यात उजवा असतो. स्पिअरमिंट ह्या पुदिन्याच्या जातीचा वास आणि शेपूच्या बियांचा, म्हणजे बाळंतशेपेचा वास किती वेगळा! परंतु दोहोंतील मुख्य सुगंधी द्रव्य कार्व्होन हेच आहे. पुदिन्यातले डावे, बाळंतशेपेतले उजवे. आपल्या नाकातील ग्राहकही एका हाताच्या रेणूंचेच घडलेले असल्यामुळे त्यांना हा भेद तत्काळ कळतो.

प्रयोगशाळेत साध्या द्रव्यांपासून तोच पदार्थ बनविला, तर बहुधा उजवे व डावे सारख्याच संख्येने निपजतात. यात बिघडते काय, असे कोणी विचारील. चिंचेच्या अम्लाचेच उदाहरण घेऊ. केवळ उजव्या हाताचे टार्टारिक अम्ल सुमारे १७० अंशांस वितळते. मिश्रण सुमारे २०६ अंशांपर्यंत टिकाव धरते. २० अंश उष्णतेच्या १०० ग्रॅम पाण्यात शुद्ध उजवे अम्ल १३० ग्रॅमहून अधिक विरघळते. मिश्रण जेमतेम २० ग्रॅमच्या आसपास. जोडलेले हात इतके घट्ट बसतात की पाण्याला ते सहज सोडविता येत नाहीत.

हा केवळ आकड्यांचा खेळ नव्हे. ह्या अम्लाचा चुन्याशी, म्हणजे कॅल्शियमशी संयोग झाला असता मिश्रणाचा क्षार उजव्याच्या क्षाराहून फारच कमी विरघळतो. उंदरांवरील प्रयोगांत मिश्र टार्टारिक अम्लाचे क्षार मूत्रपिंडात साठून राहिल्याचे दिसून आले. म्हणूनच खाद्यपदार्थांत घालण्यासाठी आंतरराष्ट्रीय यादीत ३३४ ह्या क्रमांकाने जे टार्टारिक अम्ल नोंदलेले आहे, ते उजव्या हाताचेच आहे. चिंचेची आमटी पिढ्यान्पिढ्या ओरपणाऱ्या माणसाला तिच्यातले अम्ल बाधत नाही. त्याच अम्लात त्याचे प्रतिबिंब मिसळले की त्याचे वर्तन बदलते. प्रतिबिंब स्वतः विषारी आहे म्हणून नव्हे, तर दोघांची रास निराळ्या रीतीने रचली जाते म्हणून.

मिश्रण नेहमीच अधिक घट्ट बसते, असेही समजू नये. पुदिन्याच्या दुसऱ्या एका जातीपासून मिळणारी पेपरमिंटची फुले, म्हणजे मेंथॉल, डाव्या हाताचे असते व सुमारे ४२ अंशांस वितळते. त्याच्या उजव्या-डाव्या मिश्रणाला वितळण्यास त्याहून कमी उष्णता पुरते. प्रत्येक पदार्थाची जुळणी त्याच्या घडणीप्रमाणे होते.

भात आणि कापूस

आता आपल्या घरातील सर्वांत मोठे उदाहरण पाहू. तांदळातील पिष्ट आणि कापसातील सेल्युलोज ही दोन्ही ग्लुकोज नावाच्या एकाच साखरेच्या लांबच लांब साखळ्या आहेत, आणि वनस्पती हे ग्लुकोज नेहमी एकाच हाताचे बनवितात. मग एकाची पेज होते आणि दुसऱ्याचे धोतर, हे कसे?

फरक आहे तो दुव्याजवळच्या एका कार्बन अणूपाशी. तेथील जोड पिष्टात एका बाजूस वळलेला असतो, सेल्युलोजमध्ये दुसऱ्या बाजूस. एवढ्याने पिष्टाची साखळी जिन्यासारखी गोल वळत जाते. तिचे वेटोळे सैल असते, गरम पाणी त्यात शिरते, आणि भात शिजतो. त्या वेटोळ्याच्या पोकळीत आयोडीन रांगेने जाऊन बसते, म्हणूनच पेजेत आयोडीनचा थेंब टाकताच ती निळी होते. सेल्युलोजची साखळी मात्र सरळ राहते. अशा सरळ साखळ्या शेजारी शेजारी येऊन परस्परांना घट्ट धरतात, आणि त्यांचा धागा होतो, लाकूड होते. पाण्यात कितीही उकळले तरी कापसाचे पिठले होत नाही.

आपल्या पोटातील पाचक रसांना पिष्टाचा दुवा तोडता येतो. सेल्युलोजचा येत नाही. गाईला कडबा पचतो तो तिच्या पोटातील सूक्ष्म जीव तिच्यासाठी ते काम करतात म्हणून. एका अणूवरील वळणाने माणसाचे अन्न आणि गुरांची वैरण अशी वाटणी झाली आहे!

एरंडेलाचा पीळ

रेणूचा हात इतका सूक्ष्म, की तो कोणत्याही भिंगाने दिसावयाचा नाही. परंतु त्याचा परिणाम वाढत वाढत दृष्टीच्या टप्प्यात येऊ शकतो. एरंडेल तेल याची साक्ष देते. एरंडीच्या उत्पादनात भारत जगात पहिला असून त्यातील सर्वांत मोठा वाटा गुजरातचा आहे. ह्या तेलातील मुख्य अम्लाला हायड्रोजन देऊन जे मेणासारखे अम्ल मिळते, त्याचा लिथियमशी साबण केला म्हणजे यंत्रांना लागणारे घट्ट वंगण तयार करता येते. साबणाचे रेणू तेलात अतिसूक्ष्म तंतू रचतात आणि त्या तंतूंचे जाळे स्पंजाप्रमाणे तेल धरून ठेवते.

जपानमधील ताचिबाना व कांबारा ह्या संशोधकांनी १९६५ मध्ये असे दाखविले की, एका हाताच्या अम्लापासून केलेल्या साबणाच्या तंतूंना सुंभाप्रमाणे एका दिशेचा पीळ असतो; विरुद्ध हाताचे अम्ल घेतले तर पीळ उलट पडतो; आणि दोन्ही समसमान मिसळले तर पीळच पडत नाही. रेणूमधील एकाच कार्बन अणूचा हात हजारो रेणूंच्या दोरखंडात उमटतो, असा याचा अर्थ.

आपल्याकडेही ह्या दिशेने काम चालू आहे. अर्जुनसादड्याच्या लाकडात अर्जुनोलिक अम्ल नावाचे द्रव्य असते. पश्चिम बंगालातील विद्यासागर विद्यापीठातील ब्रजगोपाल बाग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे की, योग्य द्रवात ह्या अम्लाचे रेणू आपणच तंतू रचतात आणि त्या द्रवाला खरवसासारखा थिजवितात. झाडाने जे रचनाकौशल्य रेणूत भरून ठेवले आहे, ते औषधे वाहून नेण्यासारख्या कामी लावता येईल काय, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत.

पीळातून रंग

पीळाने केवळ बळकटीच येते असे नाही, रंगही येतो. १८८८ मध्ये प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ रायनित्झर हा गाजरातील एक द्रव्य आणि कोलेस्टेरॉल यांचे नाते तपासीत होता. कोलेस्टेरॉलपासून केलेला एक पदार्थ त्याने तापविला. १४५.५ अंशांस तो वितळला, पण गढूळ राहिला, १७८.५ अंशांस तो एकाएकी स्वच्छ झाला. निववताना त्यात निळ्या-जांभळ्या छटा चमकून गेल्या. त्याने हे ओटो लेमान ह्या पदार्थवैज्ञानिकास कळविले, आणि त्यांतून द्रव स्फटिकांचा शोध लागला. त्या गढूळ द्रवात रेणूंचे थर एकावर एक, प्रत्येक थर किंचित वळत, चक्री जिन्यासारखे रचलेले असतात. जिन्याचा एक फेरा प्रकाशलहरीच्या मापाचा झाला म्हणजे विशिष्ट रंग परावर्तित होतो. ह्या वळणाचे कारण रेणूची हस्तता. विरुद्ध हाताचे रेणू तितकेच मिसळले की जिना सरळ होतो आणि रंग मावळतो.

आफ्रिकेच्या रानात पोलिया नावाच्या झुडपाला धातूसारखी चकाकणारी निळी फळे येतात. फळाच्या सालीत निळा रंग नसतोच, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. सेल्युलोजचे थर तेथे चक्री जिन्याप्रमाणे रचलेले आहेत, आणि तो निळेपणा त्या रचनेचा आहे. म्हणूनच १९७४ मध्ये घानामध्ये तोडलेली फळे इतक्या वर्षांनंतरही चमकताना आढळली. नवल असे की, ह्या फळाच्या काही पेशींत जिना उजवा आहे आणि शेजारच्याच पेशींत डावा, जरी सेल्युलोजचा रेणू सर्वत्र एकाच हाताचा असला तरी. तेव्हा लहानाचा हात मोठ्यात नेहमी सरळ उमटतोच, असे मानणे बरोबर नाही. जिवंत पेशीची स्वतःची कारागिरीही त्यात असते.

काजऱ्याची मदत

उजवे-डावे मिसळलेले असताना ते वेगळे कसे करावेत? स्फटिक निवडून काढण्याची संधी क्वचितच मिळते. पाश्चरनेच १८५३ मध्ये दुसरा मार्ग दाखविला, आणि तो वनस्पतींनीच पुरविलेला आहे. सिंकोनाच्या सालीपासून मिळणारे एका हाताचे द्रव्य त्याने मिश्र अम्लात घातले. ते उजव्याशीही जोडले गेले आणि डाव्याशीही. पण ह्या दोन जोड्या आता परस्परांची प्रतिबिंबे राहिल्या नाहीत. एक जोडी लवकर स्फटिक होऊन खाली बसली, दुसरी पाण्यात राहिली. अंधारात उजव्या हाताचा मोजा घेऊन बसलेल्या माणसाला समोर आलेला हात कोणता हे चाचपून कळावे, तसाच हा प्रकार.

कोकण व गोव्याच्या रानात काजऱ्याचे झाड आढळते. त्याच्या बिया किती विषारी असतात हे खेड्यातील लहान मुलांनाही बजावलेले असते. त्याच बियांतील ब्रुसीन हे द्रव्य प्रयोगशाळांत रेणूंचे उजवे-डावे निवडण्यासाठी दीर्घकाळ वापरले गेले आहे. रेणूचा एक हात औषधी आणि दुसरा निरुपयोगी वा अपायकारक, असे अनेकदा घडते. म्हणून औषधांच्या कारखान्यात ही निवड अत्यंत महत्त्वाची असते.

ह्यावरून कोणी असे अनुमान काढू नये की, झाडाने दिलेले ते सारे चांगले आणि कारखान्यात झालेले ते सारे वाईट. काजरा झाडाचाच आहे, आणि कारखान्यात नीट निवडून केलेले उजवे टार्टारिक अम्ल चिंचेतल्या अम्लाहून रेणूमात्र वेगळे नसते. प्रश्न पदार्थ कोठे झाला हा नसून, त्याचे रेणू कोणत्या हाताचे आहेत आणि ते कोणाच्या सोबतीस बसविले आहेत, हा आहे. सरबताच्या किंवा गोळ्यांच्या वेष्टनावर ३३४ हा आकडा दिसला, तर आता वाचकांना त्याचा अर्थ कळेल: चिंचेने जो हात निवडला, तोच येथेही निवडलेला आहे.